कुंदाआत्यांचं पोस्टर

कुंदाआत्यांना अंगठा चालत नसे. कुणाचाही, कुठल्याही कारणानं. फोटोत कुणी अंगठा वर करून हसत असेल, तर तो फोटो त्या पालथा घालून ठेवत. सगळं आयुष्य बायांचे अंगठे सोडवण्यात गेल्यामुळे शाईत बुडालेला अंगठा त्यांना कुठेही दिसे.

त्यामुळे सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये आल्या त्याच संध्याकाळी टेबलावरचं माझं ओळखपत्र त्यांच्या हाती लागलं, तेव्हा त्यांनी ते लगेच उलटून बघितलं. कार्डाच्या मागे माझ्या अंगठ्याचा ठसा होता.

"जावईबापू, तुम्ही इंजिनीअर ना?"

"हो."

"मोठमोठी जहाजं दुरुस्त करता?"

"हो."

"आणि अंगठा दिलात?"

"आत्या, इथे तसा नियमच आहे."

"तुम्हाला सही येत नाही असं वाटलं असेल त्यांना. सांगायचं होतंत."

माझी आठ वर्षांची सई मध्ये पडली. "आजी, सगळ्यांचाच असतो, लाह!" इथली मुलं वाक्याच्या शेवटी लावतात तसं तिनं लावलं.

आत्या लगेच तिच्याकडे वळल्या. "लाह? यातला ह पूर्ण की अर्धा?"

कुंदाआत्या म्हणजे माझ्या बायकोची, मेधाची आत्या. लग्न केलं नाही. बार्शीकडच्या खेड्यांमध्ये सायकलवरून फिरून प्रौढ बायांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. नव्वदच्या दशकात साक्षरतेचं वारं जोरात होतं, त्या वाऱ्यात त्यांच्या छोट्याशा संस्थेला सिंगापूरच्या एका कार्यशाळेचं आमंत्रण आलं. आशियातल्या निरनिराळ्या देशांचे साक्षरता कार्यकर्ते एकत्र येणार होते. संस्थेत पासपोर्ट एकट्या आत्यांकडे होता, कारण "कधी लागला तर" म्हणून त्यांनी तो आधीच काढून ठेवला होता. राहायची सोय हॉटेलात होती, पण जावयाचं घर असताना हॉटेलात उतरणं त्यांना पटेना.

त्यांना एकच व्यसन होतं. अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायचं आणि शेजारच्याला वाचायला लावायचं. "वाचा की!" हे त्यांचं पालुपद. सकाळी कामावर जाताना मी त्यांना एमआरटीनं, म्हणजे इथल्या लोकलनं, कार्यशाळेला सोडायचो. गाडीत त्या प्रत्येक स्टेशनची पाटी वाचत. चोआ चू कांग आलं की खूश. "चो, चू! मात्रा शिकवायला काय सुंदर स्टेशन आहे हो! आमच्याकडे बघा, बार्शी. काय शिकवणार त्यात? सगळा रफारानं घोळ."

समोर बसलेल्या चिनी आजोबांनाही त्यांनी एकदा "वाचा की" म्हटलं. आजोबांनी मान डोलावली आणि पुढच्या स्टेशनवर डबा बदलला.

कार्यशाळेचे प्रमुख होते मिस्टर टॅन. टायची गाठ कधी सैल नाही, हातात कायम वेळापत्रक. शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येकानं आपापल्या पद्धतीचा एक नमुना-धडा घ्यायचा होता. मंगळवारी संध्याकाळी आत्या घरी आल्या त्याच मुळी चपला न काढता.

"माझा धडा काढून टाकला."

"का?" मेधानं विचारलं.

"माझं इंग्रजी कमी पडतं म्हणे. त्याऐवजी पोस्टर लावा म्हणाले. पोस्टर! मी पोस्टर लावायला समुद्र ओलांडून आले?"

त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी उठल्या त्या मात्र वेगळ्याच. सईच्या दप्तरातून स्केचपेनं घेतली, माझ्या कपाटातून कार्डशीट घेतले आणि म्हणाल्या, "जावईबापू, आज रजा टाका. दुभाषा लागेल."

"पण धडा नाहीये ना?"

"धडा नाहीच. पोस्टर लावायचंय. साहेबांनी सांगितलंय."

मी रजा टाकली. सकाळचं सत्र चालू असताना आत्या हळूच उठल्या आणि बाहेर व्हरांड्यात गेल्या. मागोमाग मी. तिथे स्वच्छतागृहांची दोन दारं होती. दारांवरच्या बायका-पुरुषांच्या चित्रांवर त्यांनी आपले कागद चिकटवले. एकावर 'बाई', दुसऱ्यावर 'बुवा'. पलीकडे खाण्यापिण्याच्या दोन बंद खोल्या होत्या. त्यांतल्या एका दारावर 'चहा', दुसऱ्यावर 'हवा'.

"आत्या, हवा म्हणजे काय?"

"त्या खोलीत काही नाही. नुसती हवा."

नेपाळचा एक प्रतिनिधी आमच्या मागे येऊन उभा होता. त्याला देवनागरी येत होती. तो हसायला लागला. आत्यांनी पिशवीतून चिवड्याची पुडी काढून त्याच्या हातात ठेवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

चहाची सुट्टी झाली. दार उघडून सगळे बाहेर आले आणि थबकले. फिलिपिन्सचे एक गृहस्थ बेधडक डावीकडच्या दारात शिरले. आतून किंचाळी आली, तसे उलट्या पावली बाहेर. थायलंडच्या बाई 'हवा'चं दार उघडून रिकाम्या खोलीकडे बघत राहिल्या. शेवटी मिस्टर टॅन आले. दोन्ही दारांपुढे उभे राहिले. वेळापत्रकात बघितलं. त्यात काही नव्हतं.

"मॅडम, हे काय आहे?"

"पोस्टर, सर," आत्या हात जोडून म्हणाल्या.

मी भाषांतराला पुढे झालो, तर माझा दंड धरून त्यांनी मला बाजूला केलं. "तुम्ही चहा घ्या. इथे भाषांतर नको, गरज पुरे आहे."

मग त्यांनी धडा घेतला. व्हरांड्यात, उभ्यानं, निव्वळ मराठीत. स्वतःच्या छातीवर हात ठेवून "बाई". टॅनसाहेबांच्या टायकडे बोट करून "बुवा". दोन्ही पाट्यांवरच्या 'ब'वर बोट टेकवलं. सगळे म्हणाले, "ब!" शेजारची दांडी. "बा!" खालचा उकार. "बु!" मन लावून शिकण्याचं असं दृश्य मी कुठल्याच वर्गात पाहिलेलं नाही. अर्ध्या जणांना खरोखरच घाई होती.

दारं सुटली, मग चहा सुटला. तरी कुणी हॉलमध्ये जाईना. आत्यांनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि नव्या कागदावर लिहिलं, 'बाई, चहा हवा.' बांगलादेशच्या ताईंनी अडखळत वाचलं, मग सगळ्यांनी एका सुरात. आणि शेवटच्या कागदावर जुन्याच अक्षरांतून एक नवा शब्द काढून त्यांनी तो टॅनसाहेबांपुढे धरला. साहेबांनी चष्मा वर केला. 'बुवा'मधला व ओळखला. दांडी ओळखली. 'चहा'मधला च ओळखला.

"वा... चा," ते म्हणाले. आणि मग लहान मुलासारखे ओरडले, "वाचा!"

"वाचा की!" आत्या ओरडल्या.

टाळ्यांनी व्हरांडा दणाणला. सगळ्यांनी एकदम अंगठे वर केले. आत्यांचा चेहरा उतरला. "खाली! अंगठे खाली!" हे मात्र मला भाषांतर करावं लागलं. मग सगळ्यांनी अंगठे मिटून तर्जन्या वर केल्या आणि टॅनसाहेबांनी जाहीर केलं की हा या कार्यशाळेतला सर्वांत उत्तम धडा, आणि उद्या प्रत्येकानं आपापल्या लिपीत हेच करायचं.

दुसऱ्या दिवशी समारोप होता, म्हणून मी पुन्हा गेलो. आज पाट्यांची पाळी थायलंडच्या बाईंची होती. सुट्टीत आत्या त्या दोन दारांपुढे उभ्या होत्या. पाटीवरची नाजूक वेलांटीदार अक्षरं त्या बघत राहिल्या. एका दाराला हात लावला, मागे घेतला. मागे कुणीतरी हसलं, तशा त्याही हसल्या. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

समारोपात त्यांचं नाव सगळ्यांत आधी घेतलं गेलं. गळ्यात ऑर्किडचा हार, हातात प्रशस्तिपत्र. परतताना गाडीत त्यांनी एकाही स्टेशनची पाटी वाचली नाही.

घरी मेधा म्हणाली, "आत्या, गावाकडे फोन लावू? माईआत्याला सांगा की सगळं!"

माई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघी एकत्र राहत. वडील लवकर गेले, तेव्हा माईंनी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटून कुंदाआत्यांना शाळेत ठेवलं. गावातल्या बहुतेक बाया आत्यांकडे शिकल्या. माई नाही शिकल्या. धाकटीपुढे पाटी घेऊन बसायला त्या कधीच तयार झाल्या नाहीत, आणि हा विषय त्या घरात निघत नसे.

फोन गावातल्या वाण्याच्या दुकानात होता. कुणीतरी माईंना बोलावून आणलं.

"हो, जेवले," आत्या म्हणाल्या. "हो, बरं झालं सगळं. हार घातला." मग थांबल्या. "माई, काल मी इथल्या दारांवर मराठी पाट्या लावल्या, आणि आज मीच दारात उभी राहिले गं. दोन दारं, दोन पाट्या, आणि मला एक अक्षर लागेना. सगळे बघत होते. इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं." आवाज बारीक झाला. "तुला रोज असंच होतं का गं? मी कधी विचारलंच नाही."

पलीकडून माई काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण आत्यांनी डोळे पुसायला उचललेला पदर तसाच धरून ठेवला.

"काल मी लावली ती पाटी? 'बाई' लिहिलं होतं. का गं? ...आत्ता? फोनवर?"

त्यांनी रिसीव्हर मानेत दाबला. दोन्ही हात मोकळे केले.

"बरं. तळहातावर बोटानं काढ. एक लहानसा गोल. हं. त्याच्या पोटात तिरकी रेघ. आता गोलाला चिकटून उजवीकडे उभी दांडी. वर आडवी रेघ. झाला ब."

हवेत बोटानं 'ब' काढत त्या आमच्या हॉलमध्ये उभ्या होत्या.

"काय? कुठे दिसतोय?" त्या एकदम ओरडल्या. "बेसनाच्या डब्यावर? अगं हो, माई! तोच! तोच ब!"