बारा एकोणीसचा मंगळवार

"बाबा, तुम्ही त्याच खात्यात होतात ना? मग त्या मंगळवारी नक्की काय झालं होतं?" सूनबाईंनी वाढता वाढता विचारलं आणि दरसाहेबांचा घास तोंडातल्या तोंडात थबकला.

दरसाहेब हे त्यांना गल्लीने दिलेलं नाव. चलन खात्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. शेजारच्या देशाचं एक नाणं म्हणजे आपली किती, हा आकडा रोज दुपारी चार वाजता फोनवर ऐकायचा आणि मोठ्या वहीत लिहायचा. त्या वहीत खाडाखोड चालत नसे. एक आकडा खोडला की तीन प्रतींत लेखी खुलासा, आणि तो साहेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार. त्यामुळे आमच्या वहीत एकही चूक नाही, असं दरसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खरं तर माणसं चुकत, फक्त खोडत नसत. एवढा तपशील ते गाळत.

सूनबाईंचा प्रबंध दोन देशांमधल्या विनिमय दरांच्या इतिहासावर होता. विषय इतका कोरडा की मार्गदर्शकसुद्धा पाण्याचा तांब्या घेऊन वाचायला बसत. आणि एकाएकी त्याला ओल लागली. एकतीस वर्षांपूर्वी एका सोमवारी अकरा बेचाळीस असलेला दर मंगळवारी बारा एकोणीस झाला आणि बुधवारी पुन्हा अकरा चव्वेचाळीस. एका दिवसापुरतं आपलं चलन कोसळलं, आणि कुठल्याही वर्तमानपत्रात त्याची एक ओळ नाही. म्हणजे बातमी दाबली गेली.

"एखादी चूक असेल," दरसाहेब पाण्याच्या पेल्यात बघत म्हणाले.

"चूक? तुमच्या वहीत?" सूनबाई हसल्या. "बाबा, हे तुम्ही म्हणताय?"

त्या मंगळवारी झालं होतं ते असं. दरसाहेब पाऊण तासात उठायच्या बेताने सिनेमाच्या तीनच्या खेळाला एकटेच गेले, थंडगार अंधारात त्यांना गाढ झोप लागली, आणि ते कचेरीत परतले तेव्हा फोन वाजून वाजून गप्प झाला होता. दर सांगणारेही घरी गेले होते. कालचाच आकडा लिहावा तर साहेब विचारणार, झोपला होतास का. आणि तो प्रश्न नेमका त्या दिवशी नको होता. खिशात तिकिटाचा अर्धा तुकडा होता. रांग बारा, खुर्ची एकोणीस. आकडा दिसायला सभ्य होता. लिहिला. दुसऱ्या दिवशी चार वाजता अकरा चव्वेचाळीस ऐकल्यावर घोटाळा लक्षात आला, पण खोडायचं तर सिनेमाच्या नावासकट खुलासा आला. दरसाहेबांनी वहीचं पान उलटलं आणि एकतीस वर्षं उलटलेलंच ठेवलं.

आता ते पान सुलटं होऊ लागलं. तोच दर सूनबाईंना आणखी तीन जाडजूड ग्रंथांत सापडला. तिन्ही ग्रंथ त्याच वहीवरून उतरवलेले होते, पण प्रबंधात ते 'तीन स्वतंत्र पुरावे' झाले. त्या आठवड्यात एका मंत्र्यांनी राजीनामा दिला होता. दिला होता पित्ताशयातल्या खड्यांपायी, पण आता त्या खड्यांवरही संशय घेण्यात आला. मग सूनबाईंनी सासऱ्यांपुढेच रेकॉर्डर ठेवला. दरसाहेब नुसते घाम पुसत बसले. प्रबंधात तळटीप आली, 'या प्रश्नावर एका माजी अधिकाऱ्याने चाळीस सेकंद मौन पाळले.' कारकुनाचा अधिकारी झालेला पाहून मुलाने वडिलांकडे जन्मात पहिल्यांदा आदराने पाहिलं. दरसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोनदा ते खरं सांगायला सूनबाईंच्या खोलीशी गेले. एकदा त्या इतक्या खुशीत होत्या की जीभ रेटेना. दुसऱ्यांदा 'पंखा चालतोय ना' एवढं विचारून परतले. पण तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांना उमगलं, की उद्या एखाद्या शहाण्याने हे उकरून काढलं तर तोंड पोरीला लपवावं लागेल. लपवण्याजोगं तोंड आरशात समोरच होतं.

विद्यापीठाच्या सभागृहात परीक्षक म्हणून शेजारच्या देशातून एक वयोवृद्ध प्राध्यापक आले होते. आपली भाषा चांगली बोलत. कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी म्हणताच शेवटच्या रांगेतून दरसाहेब उठले.

"विचारायचं नाही, सांगायचंय. तो दर मी लिहिला. मनानं. मी सिनेमाला जाऊन झोपलो होतो."

सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बसा हो, बसा," ते मऊ आवाजात म्हणाले. "आमच्या सरकारी वहीतही त्या दिवशी हाच दर आहे. दोन देश एकाच दिवशी सिनेमाला जात नाहीत."

लोक हसले. दरसाहेब बसले. अर्ध्या तासाने पदवी जाहीर झाली, वर शेराही मिळाला की पुरावे निर्विवाद आहेत.

व्हरांड्यात दरसाहेब खांबाआड उभे होते. प्राध्यापक चहाचा कप घेऊन तिथेच आले आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मी प्राध्यापक नंतर झालो. तेव्हा आमच्या वहीवर होतो. त्या दिवशी दाढ दुखत होती म्हणून चारच्या आधीच पळालो. सकाळी तुमच्या कचेरीत फोन करून कालचा दर विचारला. समोरच्यानं इतक्या ठणठणीत आवाजात बारा एकोणीस सांगितलं, की मी उलटा भागाकार करून लिहून टाकलं."

"तो मीच," दरसाहेब म्हणाले.

"आवाज ओळखला मी मघाशी. सहा महिने प्रबंध उशाशी घेऊन झोपतोय. पण तुमच्यासारखं उठून उभं राहणं काही जमलं नाही हो."

इतक्यात सूनबाई आल्या आणि भर व्हरांड्यात सासऱ्यांच्या पाया पडल्या. डोळे भरले होते.

"खात्याचं गुपित राखायला तुम्ही स्वतःची एवढी शोभा करून घेतलीत, बाबा. पण तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान बघा केवढे लालबुंद झालेत."

प्राध्यापकांनी कप कठड्यावर ठेवला आणि, वारा फार आहे म्हणत, स्वतःचे दोन्ही कान हळूच हातांनी झाकून घेतले.