आक्काचं गोणपाट

आमच्या गल्लीत कुठल्याही बाईला कावळा शिवला, की तिच्या घरच्यांच्या आधी सुभद्राआक्काला कळायचं. आपण सकाळी परसदारी गोणपाट टाकून बाहेर बसावं, तोवर आक्का पानसुपारीची चंची घेऊन हजर. तीन हात अंतर ठेवून फतकल मारायची आणि म्हणायची, "बसलीस व्हय? बरं झालं. आता बोलू."

ही मिरजगावची, दुष्काळाच्या सालातली गोष्ट. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. हे शाळेत मास्तर, म्हणून मी आक्काची 'मास्तरीन'. आक्का पन्नाशी उलटलेली, विधवा. एकुलती लेक श्रीरामपूरकडे दिलेली, ती सणालासुद्धा येईलच असं नाही. घरात आक्का आणि एक शेळी.

एरवी आक्काशी बोलायला वेळ होता कुणाला? निम्म्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला, उरलेल्या टँकरपाशी हंडे घेऊन. बाहेर बसलेली बाई मात्र कुठं जाते? तिला चूल नाही, पाणी नाही, देव नाही. आक्काला अशीच माणसं लागत. त्याच त्या गोष्टी ती इतक्या रंगवून सांगायची, की कोपऱ्यावरची हौसा कंटाळून एक दिवस आधीच न्हाऊन घरात शिरायची.

गल्लीभरच्या बायकांच्या पाळ्या तिला तोंडपाठ होत्या आणि त्यावर तिचं स्वतःचं शास्त्रही होतं. "पाळी म्हंजी यष्टी हाय," ती सांगायची. "उशिरा का हुईना, येती. लवकर आली तर रस्ता मोकळा हुता म्हनायचं. डागदरला काय इचारायचं त्यात?"

त्या वर्षी माझीही यष्टी चुकली. दोन महिने काही नाही. सासूबाई आनंदल्या, माझ्या हातातला हंडा काढून घेऊ लागल्या. आणि मग आली ती थांबेचना. सासूबाई रुसल्या, मी गोणपाटावर. आक्काची तर चंगळ झाली. रोज उठून यायची, मुक्काम संध्याकाळपर्यंत. पण दुसरा आठवडा सरत आला, मला उठताना भोवळ येऊ लागली, तशी ती एक दिवस नुसतीच बघत बसली. सुपारीसुद्धा कातरली नाही.

"मास्तरीन," ती म्हणाली, "तू बसलीस तर मला बरं वाटतं गं. पन ह्ये बरं न्हाई."

आपलं शास्त्र गुंडाळून तिनं सासूबाईंशी भांडण काढलं, मास्तरांना दटावलं आणि मला घेऊन नगरच्या यष्टीत बसली.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. माझ्या अंगात रक्त राहिलेलं नव्हतं. त्यांनी औषध लिहून दिलं, पुन्हा यायला बजावलं. मी आक्काचं यष्टीचं शास्त्र सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "थोडं मागंपुढं झालं तर त्यांचं खरं आहे. पोटभर खाणं नाही, अंगमेहनत, काळजी, यानं होतं तसं. वयात येताना आणि पाळी जायच्या सुमारालाही होतं. पण महिनेच्या महिने आली नाही, आठवडा उलटला तरी थांबली नाही, कापडाच्या घडीमागून घडी भिजू लागली, भोवळ आली, तर घरी बसायचं नाही. आणि एकदा कायमची गेलेली फिरून दिसली, अगदी थेंबभर, तर लगेच निघून यायचं."

आक्कानं यातलं काहीच ऐकलं नाही. ती बाहेर बाकावरच्या बायकांशी बोलण्यात रंगली होती. नंबर लावून बसलेल्या, त्यांनाही उठून जाता येत नव्हतं.

मी बरी झाले. पुन्हा टँकर, हंडे, चूल. पुढच्या उन्हाळ्यात हौसा बाहेर बसली आणि आक्का तिच्याकडं आली नाही, तेव्हा मला चुकल्यासारखं वाटलं. जाऊन पाहते तर आक्का आपल्याच ओट्यावर गोणपाट टाकून बसलेली. चुलीला शिवायचं नाही म्हणून दुष्काळात वाटलेली सुकडी पाण्यात कालवून खात होती. तिचा विटाळ होईल असं त्या घरात दुसरं माणूसच नव्हतं. आणि समोर, तीन हातांवर, दुसरं गोणपाट झटकून अंथरलेलं होतं.

"शिवू नको गं, बसलेय," ती म्हणाली. चेहरा नव्या नवरीसारखा. "जाऊन सात-आठ वर्सं झाली हुती. फिरून आली बघ यष्टी."

मी विचारलं, "कधीपासून, आक्का?"

"परवापासनं. कोनी आलं न्हाई अजून. टँकरला गर्दी हाय ना." मग घाईनं म्हणाली, "तू आलीस, बरं झालं. आता बोलू."

मी तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. ती ऐकेना. "आता कुटं बसलेय, आन तू लगेच उठीवतीस व्हय?"

त्याच दिवशी आम्ही नगरला गेलो. पुढं तिची पिशवी काढावी लागली. वेळेत गेलो म्हणून आक्का निभावली. पण मला आठवतं ते निघण्याआधीचं.

मी दुसऱ्या गोणपाटावर बसले नाही. तिच्याजवळ गेले आणि तिचा हात धरला. तिनं तो हिसडला. "इटाळ व्हईल, पोरी." मी सोडला नाही. थोड्या वेळानं तिनं ओढणं थांबवलं. माझ्या हाताकडं बघत राहिली.

"यष्टीला येळ हाय अजून," ती हळूच म्हणाली.

"आहे ना. मग बोला की आक्का."

आणि दिवसभर बोलणाऱ्या आक्काला एक शब्द सुचेना. यष्टीची वेळ होईतो ती माझा हात घट्ट धरून बसून राहिली.