डुकरं प्रार्थनेला बसत नाहीत

चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला गावाचं इंटरनेट काय अवघड? मी छातीठोकपणे म्हणालो, "ते काम माझ्याकडे द्या!"

बघा मुलांनो, सोपं आहे. गावातल्या इंटरनेटच्या केबिनमधल्या यंत्रातून एकच काचेचा धागा निघतो आणि चाळीस घरांत वाटला जातो. प्रत्येक घरातला डबा हात वर करतो, "मला एवढं पाठवायचंय!" मग यंत्र त्याला पाळी देतं. अगदी वर्गासारखं! मी त्यात फक्त एक नियम घातला: दहा मिनिटं जो हात वर करणार नाही, त्याने अर्धा तास गाढ झोपायचं. तेवढीच वीज वाचली!

"आणि मधेच काम निघालं तर?" माझी बायको तालिया म्हणाली.

"कोणाचं निघतंय!"

शनिवारी साडेसहाला आमच्या शाळेची मुलं पडद्यावरून राजधानीतल्या, म्हणजे आपियातल्या परीक्षकांना गाणं ऐकवणार होती. पावणेसातपर्यंत दिसली नाहीत तर बाद. निवडली गेली तर पहिल्यांदाच बोटीने राजधानीला! तीन महिने घसा फोडत होती बिचारी.

सव्वासहाला शंख वाजला. सा, म्हणजे आमची संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ, सुरू! सगळं गाव प्रार्थनेला बसलं. रस्त्यावर माणूस नाही, हातात फोन नाही. पंधरा मिनिटं एकाही डब्याने हात वर केला नाही. साडेसहाला पुन्हा शंख वाजला, तेव्हा गाव जागं आणि डबे ढाराढूर!

"मास्तर, शाळेतला पडदा काळा!" गाणं शिकवणारी मासिना किंचाळली.

"उठवा की त्या डब्याला!" गावप्रमुख तुइलोमा गरजले.

"झोपलेल्याला हुकूम ऐकू जात नाही, साहेब."

"मग झोपवलं कोणी?"

मी चष्मा पुसू लागलो.

"बंद करून चालू करा!" कोणीतरी ओरडलं. झालं! घरोघरी बटणं दाबली गेली. सगळे डबे एकदम "हजर!" म्हणून ओरडले आणि यंत्राला एकही धड ऐकू आला नाही. हेही अगदी वर्गासारखंच!

एवढ्यात लेउता धापा टाकत आला. "मास्तर, माझं चालू आहे!"

"तुझंच कसं?"

"माझी डुकरीण व्यालीय ना! न्यूझीलंडहून भाऊ कॅमेऱ्यातून दिवसभर पिल्लं बघतो. डुकरं काय सा पाळतात?"

उरली चार मिनिटं! पांढऱ्या कपड्यांतली पंचवीस मुलं, मासिना, तुइलोमा, सगळे लेउताच्या कुंपणाकडे पळालो. मी डुकरिणीला बाजूला सारायला गेलो, तर तिनेच मला बाजूला सारलं! मासिनाने परीक्षकांना जोडलं, कॅमेरा मुलांकडे वळवला. मी चिखलात बसूनच 'सुरू करा' म्हणून हात वर केला. मुलं गायली. आणि काय गायली!

मंगळवारी पत्र आलं. निवड झाली! तुइलोमा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत होते, ते शेवटच्या ओळीला अडखळले. कागद माझ्या हातात कोंबून म्हणाले, "मास्तर, हे तुम्हीच निस्तरा."

लिहिलं होतं: "मागच्या जाड आवाजाच्या गायकांनी ताल जरा सोडला, पण दम दांडगा. आपियाला येताना त्यांनाही जरूर आणावे."

सध्या मी बोटवाल्याची समजूत काढतोय.