मीटिंगमधलं मूकवाचन

"न वाचता मीटिंगला येणाऱ्यांना कसं वठणीवर आणतो, ते आज बघच!" बुटाची नाडी आवळत मॅनेजरांनी बायकोला बजावलं.

"आईंच्या ऑपरेशनचं ठरवायला सगळे बसलो, तेव्हा तुम्ही कुठं रिपोर्ट वाचून आला होतात?" ती म्हणाली. मॅनेजर दुसऱ्या नाडीकडे वळले.

त्यांचा कारखाना गाद्यांचा. शिलाईचं यंत्र इतकं जुनं, की दिवसाआड रुसून बसायचं. गाद्या उसवायच्या, गिऱ्हाइकं मालकांवर ओरडायची आणि मालक मॅनेजरांवर! नव्या यंत्राला आज मंजुरी मिळाली नाही, तर संपलंच. मालक उद्यापासून दोन महिने मुलीकडे परदेशी चालले होते. मॅनेजरांनी बारा पानी प्रस्ताव आठवडाभर आधीच सगळ्यांना वाटला होता. मालकांच्या प्रतीला तर स्वतःच्या हातांनी हिरवी फीत बांधली होती.

पण मंडळी हात हलवत येणार, हे त्यांना ठाऊक होतं. गोदामवाले काका तर न वाचलेल्या कागदावरच जास्त बोलत! 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते.

म्हणून मॅनेजरांनी सगळ्यांना लवकर बोलावलं, मोबाइल टोपलीत जमा केले आणि फर्मावलं, "मालक येईपर्यंत इथंच वाचायचं! माना खाली! कुणी चकार शब्द काढायचा नाही!"

काय ती शांतता! हिशेबनीस डोकं धरून आकडे बघत होते. विक्रीच्या बाईंना सर्दी झालेली, त्या नाकाला रुमाल लावून पानं उलटत होत्या. मॅनेजर धन्य झाले.

तेवढ्यात मालक दारात आले. खाली झुकलेल्या माना पाहिल्या, बाईंचा रुमाल पाहिला आणि जागच्या जागी हात जोडून डोळे मिटून उभे राहिले. मालक उभे म्हटल्यावर सगळे धडपडत उभे राहिले. मालकांनाच काहीतरी बातमी कळलीय, असं समजून मॅनेजरांनीही मान खाली घातली.

"कधी झालं?" मालकांनी हळूच विचारलं.

मॅनेजर गोंधळले. काका गोंधळणाऱ्यांतले नव्हते. "सकाळीच!" ते म्हणाले.

"वय?"

"तसं काही फार नव्हतं," हिशेबनीस म्हणाले.

"शेवटपर्यंत कामात होते हो!" बाई रुमालातून बोलल्या.

आता मॅनेजरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, अहो, आमचा प्रस्ताव..."

"छे! अशा दिवशी कसले प्रस्ताव? आता दोन महिन्यांनी बघू. कारखान्याला आज सुट्टी द्या."

"साहेब, कुणीही गेलेलं नाही!" मॅनेजर ओरडले. "हे लोक वाचत होते!"

मालकांनी काकांकडे पाहिलं, हिशेबनिसांकडे पाहिलं. "वाचत होते? हे?" मग त्यांनी मॅनेजरांच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. "फारच मनाला लावून घेतलंय यांनी. काका, यांना घरी सोडून या."

मालक निघाले. त्यांच्या काखेतल्या प्रस्तावावर हिरव्या फितीची गाठ जशीच्या तशी होती.

मॅनेजरांना रडू यायचंच बाकी होतं. दोघं गाडीत बसले. काका दोनदा खाकरले.

"साहेब, एक विचारू? गेलं कोण?"

"तुम्हीच तर सांगितलंत ना, सकाळीच गेले म्हणून!"

"मला वाटलं, त्या कागदात असेल पुढं कुठंतरी," काका म्हणाले. "मी अजून पहिल्याच पानावर होतो."