नाव घातलेली गाडी

चारुशीलाबाईंनी लाटण्यासाठी पिठाच्या डब्यामागं हात घातला आणि हाताला लागलं काहीतरी गार, जड नि तेलकट. बाहेर काढून पाहिलं तर फुलपात्राएवढा लोखंडी पेला, पण दोन्ही अंगांनी भोकं पडलेला.

"अहो, माझ्या पिठात हे काय?"

"पिठात नाही, पिठामागं. पिस्टन आहे तो," मार्तंडराव देवघरातून हळूच म्हणाले. "असे चार आहेत. दुसरा तांदळाच्या डब्याशी ठेवलाय. आवाज करू नकोस."

"गाडी गुरुलिंग मिस्तरीकडं आणि तिची आतडी माझ्या स्वयंपाकघरात?"

"दुपारी वीरप्पा येणार आहे. तोवर कुणाला कळायला नको."

वीरप्पा म्हणजे भांड्यांवर नावं घालणारा. लग्नाकार्यात शेजारी गेलेली तांब्यापितळेची भांडी आपल्याच घरी परत यावीत म्हणून उमरग्यातलं घर न् घर त्याच्याकडून नाव घालून घेई. चारुशीलाबाईंनी पिस्टनकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा लाटणं शोधायला लागल्या. वीस वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसावं एवढं त्यांना कळत होतं.

मार्तंडराव देशपांडे तहसील कचेरीत नकलांचा मुकाबला करत. एका हातात अस्सल कागद, दुसऱ्या हातात त्याची नक्कल, आणि अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय सही नाही. निजामाच्या अमलात हे काम त्यांनी उर्दूत केलं, संस्थान विलीन झाल्यावर मराठीत केलं, आणि इतकी वर्षं कागदांवर शक घेता घेता तो शक माणसांपर्यंत कधी पोचला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. देवळात जाताना ते एक चप्पल उत्तरेच्या दाराशी काढत, दुसरी दक्षिणेच्या. कीर्तनाचं वेड मात्र खरं. बुवांनी डोळे मिटून सूर लावला की सगळं देऊळ डोळे मिटी. मार्तंडरावांचेही डोळे मिटत, फक्त मधे एकदा उघडून चपलांकडं जाऊन येत.

आणि अशा माणसाला गाडीचा नाद लागला. मुरुमच्या एका जहागीरदारांनी गाशा गुंडाळताना दोन विलायती गाड्या विकायला काढल्या. दोन्ही एकाच वाणाच्या, बुटक्या, लांब नाकाच्या. पुढं दोनच माणसांची जागा, मागं झाकण उघडलं की तिसऱ्याची कशीबशी सोय. एक घेतली डॉक्टर महालिंगप्पांनी. दुसरीत कोंबड्या अंडी घालत होत्या, ती मार्तंडरावांनी घेतली. बैल जुंपून ती उमरग्यात आली तेव्हा बघायला सगळा बाजार लोटला होता.

तिला तीन वर्षं गेली. पहिल्या वर्षी कोंबड्यांची पिसं निघाली आणि ट्रकच्या ताडपत्रीचा टप चढला. दुसऱ्या वर्षी चाकं, दिवे आणि कुंकवासारखा लाल रंग. तिसऱ्या वर्षी गुरुलिंग मिस्तरी म्हणाला, "मालक, ही गाडी पळायसाठी जल्मलीय. तिला बैलगाडीवानी नका ठिवू. मोठा कार्ब्युरेटर बसवू, म्हंजे तिला दम भरून श्वास घेता यील." हमरस्त्याच्या कडेला ट्रक दुरुस्त करणारा हा गुरुलिंग मोठा शिवभक्त. कपाळावर विभूतीचे पट्टे असल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. हैद्राबादेहून दोन मोठे कार्ब्युरेटर आले, एक डॉक्टरांच्या गाडीला, एक मार्तंडरावांच्या.

डॉक्टरांची गाडी हँडलच्या अर्ध्या फेऱ्यात सुरू व्हायला लागली. मार्तंडरावांची मात्र घसा बसलेल्या गवयासारखी खाकरायची, थांबायची, पुन्हा खाकरायची.

"वाण एक, सामान एक, मिस्तरी एक," मार्तंडराव बायकोला म्हणाले. "मग फरक कुठून आला? माझं चांगलं सामान तिकडं जातंय आणि तिकडचं झिजकं माझ्यात येतंय. लग्नातल्या भांड्यांसारखं."

"विचारा की त्याला सरळ."

"चोर सरळ सांगतो होय?"

एरवी हा शक मनातल्या मनात मुरला असता. पण रामनवमी आली होती. मागच्या साली तुळजापूरहून कीर्तनाला येणाऱ्या राघवेंद्रबुवांची मोटार वाटेत बंद पडली आणि उमरग्यात रामजन्म पाऊण तास उशिरा झाला. पाळण्याची दोरी धरून बायका ताटकळल्या. त्याबद्दल लोक अजून हळू आवाजात बोलत. या साली देवळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, बुवा नळदुर्गापर्यंत येतील, तिथून आणायला डॉक्टरांची गाडी पाठवू. मार्तंडराव उभे राहिले आणि म्हणाले, "बुवा माझ्या गाडीत येतील. बाराच्या आत देवळात उतरवले नाहीत तर पुन्हा या सभामंडपात बसणार नाही." आपण काय पणाला लावलं ते बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कीर्तन सुटलं तर त्यांच्याजवळ मुकाबल्याशिवाय उरणार काय होतं?

म्हणून पाडव्याच्या आदल्या दिवशी ते गुरुलिंगकडं गेले. इंजिन खोललेलंच होतं.

"सगळे भाग घरी नेतो. पाडव्याला पूजा करायची आहे."

"लई चांगलं," गुरुलिंग म्हणाला आणि एकेक भाग घासलेटात धुऊन, कोऱ्या फडक्यात बांधून दिला.

पाडव्याला दुपारी वीरप्पा छिन्नी-हातोडी घेऊन ओसरीवर बसला. चारी पिस्टन झाले, दांडे झाले, पंखा झाला. कार्ब्युरेटरवर दोन अक्षरं टोचली आणि वीरप्पा जरा थांबला, "हे लई ठिसूळ हाय," म्हणाला, आणि उरलेली बेतानं टोचली. मग हेड पुढ्यात आलं. हेड म्हणजे इंजिनावरचं झाकण. त्याची खालची बाजू आरशासारखी घोटलेली. वीरप्पानं त्यावरून बोट फिरवलं.

"मालक, असली गुळगुळीत जागा समईलाबी नसती. हितं नाव मोठं घालू. वेलबुट्टीसकट."

"घाल," मार्तंडराव म्हणाले. "गावासकट घाल."

सामान परत नेलं तेव्हा मार्तंडराव मुद्दाम गुरुलिंगच्या चेहऱ्याकडं बघत उभे राहिले. गुरुलिंगनं फडकं सोडलं. हेड उलटं केलं. अक्षरं पाहिली. एकदम गप्प झाला, इकडंतिकडं पाहिलं, आणि मान खाली घालून कामाला लागला.

चोरी पकडल्यावर माणूस असाच गप्प होतो. मार्तंडराव समाधानानं घरी आले.

रामनवमीला पहाटेच्या गारव्यातच गाडी नळदुर्गाला पोचली. चालवायला गुरुलिंग, कारण मार्तंडरावांना गाडीवर जीव टाकता येई, चालवता येत नसे. तबलजी आणि पेटीवाले आदल्या दिवशीच उमरग्याला गेले होते. आठ वाजता राघवेंद्रबुवा गुरुलिंगशेजारी बसले. देह भारदस्त, उपरणं केशरी, स्वभाव खेळकर. मार्तंडराव बुवांची वीणा मांडीवर घेऊन मागच्या झाकणात बसले. तिथून त्यांना गुरुलिंगचे दोन्ही हात दिसत होते.

"मार्तंडराव, गाडी मोठी देखणी केलीत," बुवा मान वळवून म्हणाले. "पण ही शिट्टी कशाची वाजतीय?"

"शिट्टी?"

"पंचम लावलाय तिनं."

गुरुलिंगनं कान दिला. त्यानं गाडी हळू केली. तरी पंचमाचा धैवत झाला. येणेगूर अजून दोन मैल असताना नाकाडातून पांढरी वाफ निघाली, गाडी तीनदा उचकी देऊन रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभी राहिली.

"पाणी आणतो, जरा गार होऊ द्या," गुरुलिंग म्हणाला. "हळूहळू नेऊ."

मार्तंडराव वीणा सांभाळत झाकणातून उतरले. घड्याळात पावणेनऊ झाले होते. इतके दिवस मुरलेला शक बाहेर आला.

"पाणी नको. हेड खोल."

"रस्त्यात हेड खोलत नसतेत, मालक."

"का? आत काय दिसेल म्हणून भितोस? माझं सामान डॉक्टरच्या गाडीत घातलंस. मला ठाऊक आहे. आज बुवांच्या समोर खोल, म्हणजे साक्षीदार राहील."

गुरुलिंगचा चेहरा उतरला. त्यानं विभूतीवरचा घाम पुसला. "तीन वर्सं तुमची गाडी लेकरावानी बघितली. आन् तुमी मला चोर म्हणता. खोलतो. बघा काय ते."

बुवा लिंबाखाली धोंड्यावर बसले. पाऊण तासात इंजिनाचं पोट रस्त्यावर मांडलं गेलं. मार्तंडराव उकिडवे बसून मुकाबला करायला लागले. पंख्यावर नाव होतं. वरून चारही पिस्टनांवर नाव होतं. ज्याच्यावर हात ठेवावा तिथं मा. रा. देशपांडे. त्यांना काहीसं वाईटच वाटायला लागलं. मग त्यांनी कार्ब्युरेटर उचलला, उलटापालटा केला, उन्हात धरला.

"हे माझं नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. "बुवा, बघा. कोरं आहे. एक अक्षर नाही."

"न्हाय, ते तुमचं न्हायच," गुरुलिंग शांतपणे म्हणाला. "ते डॉक्टरसायबांचं हाय."

"कबूल करतोस?"

"व्हय. तुमच्या पूजेच्या सामानात तुमचा कार्ब्युरेटर आला तवा तो चिरलेला व्हता. अक्षरापासून अक्षरापर्यंत चीर. आठ दिवसात नवा कुठनं आणू? काल डॉक्टरचा काढला आन् तुमच्या गाडीत घातला. तुमचा चिरका साबण लावून तिकडं बसवला. रामाच्या कामाला गाडी जाणार, म्हणलं आपल्याला पाप लागायचं न्हाय."

मार्तंडरावांनी कार्ब्युरेटर फडक्यावर ठेवला. तेवढ्यात बुवा उठून आले आणि वाकून हेडकडं बघायला लागले. घोटलेल्या लोखंडावर काजळी धरली होती, पण सगळीकडं नाही. ती अक्षरांच्या रेघारेघांतून, वेलबुट्टीच्या पानापानांतून पळत पाण्याच्या भोकापर्यंत गेली होती. वाफेनं वाट काढली होती ती नेमकी मार्तंडरावांच्या आडनावातून.

बुवांनी मोठ्यानं वाचलं, "मार्तंड रामचंद्र देशपांडे, उमरगा. चैत्र शुद्ध प्रतिपदा."

गुरुलिंगचा पान्याचा हात थांबला. "काय वाचलं, बुवा?"

"यांचं नाव आहे."

"देवाचं न्हाय?"

"देवाचं कशाला असेल?"

"म्या उर्दू शाळंत शिकलो," गुरुलिंग हळूहळू म्हणाला. "घरात कन्नड. ही लिपी मला येत न्हाय. पूजेला नेलं व्हतं, वर वेलबुट्टी, म्हणलं रामनाम घातलंय मालकांनी. झाकणाला अशी रेघ पडली की वाफ पळणार, हे मला बसवतानाच कळलं. कानस घेतली व्हती हातात. पण देवाच्या नावावर कानस कशी घालू? पाया पडून तसंच बसवलं. म्हणलं ज्याचं नाव हाय त्यो सांभाळंल." तो मार्तंडरावांकडं वळला. "मालक, तुमचंच नाव व्हतं तर बोलायचं की."

लिंबाचा मोहोर उघड्या इंजिनात पडत होता, तो गुरुलिंगनं फुंकून उडवला.

"आता?" मार्तंडरावांनी विचारलं. दहाला दहा कमी होते.

"लई खोल गेलं न्हाय. घासलं तर निघंल, उरलेल्या रेघांत सफेद्याची लुगदी भरीन. पर समदं नाव काढावं लागंल. वेलबुट्टीबी."

"दे ती कानस," मार्तंडराव म्हणाले.

त्यांनी धोतर खोचलं आणि हेड मांडीवर घेऊन, गुरुलिंग दाखवील तशी, स्वतःचं नाव घासायला सुरुवात केली. गाव लवकर गेलं. आडनावानं दम काढला. बुवा धोंड्यावर बसून कानशीच्या ठेक्यावर हळू आवाजात भजन धरायला लागले, येणाऱ्या दोन बैलगाड्या थांबल्या, गाडीवानांनी पाणी आणून दिलं. कुणी काय झालं विचारलं की बुवा म्हणत, "मार्तंडराव जरा आपलं नाव काढतायत."

अकराला पाच कमी असताना झाकण बसलं. गाडी सुरू झाली ती शिट्टीशिवाय, खर्जात. बाराला बारा कमी असताना ती देवळासमोर उभी राहिली. बुवांनी गळ्यात हार पडायच्या आत वीणा घेतली आणि ठीक बाराला पाळणा हलला. सभामंडपात काळ्या हातांनी गुलाल उधळताना मार्तंडरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही चपला त्यांनी एकाच दाराशी काढल्या होत्या, आणि त्या कुठल्या दाराशी, हेही त्यांना आठवत नव्हतं.

सुंठवडा घेऊन ते खांबाशी टेकले तेव्हा डॉक्टर महालिंगप्पा शेजारी येऊन बसले. चालत आले होते. सदरा घामानं भिजला होता.

"मार्तंडराव, एक खासगी बोलायचंय," ते कानाशी म्हणाले. "माझी गाडी सकाळपासून सुरू होईना. कालपर्यंत ठणठणीत होती. आणि तुमची बघतो तर वाऱ्यासारखी आली. मला त्या गुरुलिंगचा शक यायलाय."

समोरच्या खांबाशी गुरुलिंग बुवांच्या पायावर डोकं ठेवत होता.

"कसला शक?" मार्तंडरावांनी सुंठवड्याचा घास घशाखाली ढकलला.

"इकडचं सामान तिकडं करतो की काय. तुम्ही जाणते आहात, कागदं तपासता. तुमचं काय मत?"

मार्तंडरावांनी इतक्या वर्षांत कुठल्याही नकलेवर अस्सल न बघता सही केली नव्हती. त्यांनी उपरण्याला हात पुसले, डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रामजन्माच्या दिवशी असं मनात आणू नका. त्या माणसाची खात्री मी देतो. उद्या सकाळी तुमची गाडी सुरू होईल. अर्ध्या फेऱ्यात. फक्त आज रात्री ती त्याच्याकडं ठेवा, आणि बघायला जाऊ नका."