ताईंची फुंकर

यंत्रावर अठराचा आकडा आला, पाठोपाठ लाल दिवा लागला आणि खोलीतल्या बारा माणसांनी एकदम श्वास रोखला. श्वास रोखायची त्यांना सवयच होती. पंधरा सेकंद रोखायचा, मग पुठ्ठ्याच्या नळीत हळूहळू फुंकायचं, म्हणजे धुरातला विषारी वायू अंगात किती आहे ते यंत्र सांगतं, हे त्यांना ताईंनीच शिकवलं होतं. पण या खेपेला नळी ताईंच्याच तोंडात होती.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता तंबाखू सोडणाऱ्यांचा गट भरत असे आणि ताई तो चालवत. सुरुवात ठरलेली होती. पहिली फुंकर ताईंची. कशी फुंकायची ते सगळ्यांना दिसावं आणि निर्व्यसनी माणसाचा आकडा किती येतो तेही दिसावं, म्हणून. गेले सहा गुरुवार तो आकडा दोन आला होता. सहाच्या आत हिरवा दिवा, दहाच्या वर लाल. आज अठरा.

"बिघडलंय वाटतं," ताई हसून म्हणाल्या. हसू जरा उशिराच आलं.

पुढच्या रांगेत शिवणवाल्या काकू बसल्या होत्या. ब्लाउजला हुक लावता लावता रोज दहा सिगारेटी ओढणारी ही बाई सहा आठवड्यांत एकही न ओढण्यापर्यंत आली होती. काकू उठल्या, नवी नळी लावली आणि फुंकलं. तीन. हिरवा दिवा.

"माझं तर नीट दाखवतंय," काकू म्हणाल्या.

"तरीही बिघडलेलं असू शकतं."

"म्हणजे आमचे हिरवे पण खोटे?" मागून कुणीतरी विचारलं. "सहा आठवडे मी बायकोवर ओरडतोय, भिंतीवर डोकं आपटतोय, ते सगळं बिघडलेल्या यंत्रासाठी?"

खोलीत कुजबुज सुरू झाली. यंत्र खोटं म्हणावं, तर बारा जणांची मेहनत पाण्यात जाते आणि यातले निम्मे बाहेर पडताच टपरी गाठतात. यंत्र खरं म्हणावं, तर जन्मात सिगारेट हातात न धरलेल्या ताई अठरा सिद्ध होतात. आणि 'यंत्र खोटं बोलत नाही' हे वाक्य तर त्यांनीच मोठ्या अक्षरात लिहून फळ्याच्या वर चिकटवलं होतं.

"बरोबर आहे," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "यंत्र खोटं बोलत नाही."

"मग लिहू?" मास्तरांनी विचारलं. गणिताचे हे निवृत्त मास्तर गटाची वही सांभाळत. अक्षर मोत्यासारखं, शिस्त कडक आणि बोलणं कमी. मधूनमधून उठून कोपऱ्यातल्या बेसिनकडे जाऊन येत, तेवढंच. पहिला आठवडा सोडला तर त्यांच्या नावापुढे ओळीने हिरवी टिंबं होती आणि ताई प्रत्येक बैठकीत त्यांचं उदाहरण देत. वहीत नोंद शाईनेच करायची आणि खाडाखोड मुळीच करायची नाही, हा नियमही ताईंचाच. मास्तरांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि सुबक अक्षरात अठरा लिहिलं.

ही वही सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे जायची होती. गट पुढे चालवायचा की खोली रिकामी करून घ्यायची, हे ते वही बघूनच ठरवणार होते.

"मी सिगारेट ओढत नाही हो," ताई म्हणाल्या.

काकूंनी प्रेमाने त्यांच्या हातावर हात ठेवला. "आम्ही पण असंच म्हणायचो, ताई. तुम्हीच सांगितलंत ना, नाकारणं ही पहिली पायरी असते म्हणून?"

"आम्ही रागावलो नाही तुमच्यावर," मागचा आवाज म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय, रागवायचं नाही."

नियम नियमच. ज्याला लाल दिवा लागेल त्याला एक सोबती द्यायचा आणि सोबत्याने रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोन करून चौकशी करायची. सोबत्यांमध्ये मोकळा एकच होता, मेकॅनिक. कारण त्याचा स्वतःचाच दिवा गेले तीन आठवडे लाल होता. त्याचा सोबती कंटाळून निघून गेला होता आणि त्याला कुणाच्या गळ्यात बांधावं हा प्रश्नच होता.

मेकॅनिक उभा राहिला. हातावरचं ऑइल कधीच पूर्ण न निघणारा, खाली बघून बोलणारा माणूस. तीन आठवड्यांपूर्वी लाल दिवा लागला तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, शपथेवर सांगतो, एकही ओढली नाही. गॅरेजात गाड्यांचा धूर असतो, त्याचं तर नसेल?" ताईंनी त्याच्याकडे समजूतदारपणे पाहिलं होतं आणि सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "कारणं शोधतो ना आपण, तेव्हा आपण बोलत नसतो. आपली सवय बोलत असते." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

"करतो ताई फोन," तो एवढंच म्हणाला.

त्या दिवशी ताई घरी गेल्या त्या धास्तावूनच. सोमवारपासून सकाळी डोकंही दुखत होतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आता त्यांना वाटू लागलं, आपल्याला फुफ्फुसाचं काहीतरी झालंय. मग वाटलं, मोठे डॉक्टर वही उघडतील, चष्म्यावरून आपल्याकडे बघतील आणि काहीच बोलणार नाहीत. दुसरी भीती पहिलीपेक्षा जास्त होती. शेवटी त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. यंत्र पिशवीत घालून घरी आणलं होतंच, शुक्रवारी सकाळी अंघोळ उरकताच ते बाहेर काढलं.

आकडा आला एकोणीस.

ताई पलंगावर बसल्या. तेवढ्यात सासूबाई कपाळ चोळत खोलीत आल्या. घरात पहिली अंघोळ त्यांची, आणि ती अर्धा तास चाले. "काय गं ते?" त्यांनी विचारलं.

"फुफ्फुसांची ताकद मोजायचं यंत्र आहे, आई. फुंकून बघा ना."

ताकदीचा प्रश्न आला की सासूबाई मागे हटत नसत. त्यांनी फुंकलं. यंत्राने एकवीस दाखवले आणि लाल दिवा लावला.

"एकवीस! तुझे किती आले?"

"एकोणीस."

"बघ," सासूबाई समाधानाने म्हणाल्या आणि गेल्या.

ताईंच्या मनात येऊ नये ते आलं. आई? सत्तरीच्या आई? दुपारी सगळे बाहेर असतात, गॅलरीचं दार आतून लावलेलं असतं, आणि परवा काडेपेटी सापडत नव्हती ती त्यांच्याच खोलीत सापडली होती. ताई दबक्या पावलांनी सासूबाईंच्या खोलीत गेल्या. खुंटीवरची शाल उतरवली आणि तिच्यात नाक खुपसून त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"काय करतेयस?" दारात नवरा उभा होता.

"वास घेतेय."

"आईच्या शालीचा?"

"हळू बोल. मला वाटतं, आई सिगारेट ओढतात."

नवरा हसणार होता, पण बायकोचा चेहरा बघून थांबला. ताईंनी यंत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने फुंकलं. अकरा. लाल.

"तू पण?" ताईंचा आवाज चिरकला. "दोघं मिळून ओढता?"

"अगं, कॉलेजात एकदा ओढली होती! तीही अर्धी! तुझे किती आले ते सांग आधी."

"एकोणीस."

"मग तूच तर सगळ्यात..."

"सगळ्यात मी," सासूबाई मागून म्हणाल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि शाल सुनेच्या हातात होती. "छान. चाळीस वर्षं या घरात राबले, आता सून माझे कपडे हुंगून बघते. आणि माझा मुलगा शेजारी उभा राहून बघतो."

"आई, तसं नाही..."

"मला कुणाशी बोलायचं नाही. मी कपडे धुते."

रागावल्या की सासूबाई कपडे धुवायच्या, तेही गरम पाण्याने. बाथरूमचं दार धाडकन लागलं, आतून कडी पडली आणि गिझरचा भक्कन आवाज आला.

नवरा-बायको एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. आठ वाजले होते.

"ताई, नमस्कार. सोबती बोलतोय," मेकॅनिक म्हणाला. "पाणी प्यायलात का? ओढावीशी वाटतेय का?"

ताईंना एकदम रडूच फुटलं. "अहो, माझ्या घरात सगळेच ओढतात वाटतं! माझे एकोणीस, यांचे अकरा आणि सासूबाईंचे एकवीस!"



"ताई, डोकं दुखतं का तुमचं? सकाळचं? बाहेर पडलं की बरं वाटतं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"माझं पण दुखतं. थंडी पडल्यापासून शटर खाली ओढून इंजिनं चालवतोय ना. रविवारी सुट्टी असली की दुखत नाही." त्याचा आवाज बदलला. "तिघांचंही लाल म्हणजे सिगारेट नाही ती. घरात काय जळतंय?"

"काही नाही. गॅसचा गिझर तेवढा..."

"कुठंय गिझर?"

"बाथरूममध्ये."

"खिडकी?"

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गेल्या रविवारी सासूबाईंच्या मानेला वारा लागतो म्हणून त्याने बाथरूमच्या झडपेत जुन्या उशीचा फोम कोंबला होता आणि वरून चिकटपट्टी मारली होती. यंदा घरात त्याने केलेलं ते पहिलंच काम होतं आणि आठवडाभर तो ते सगळ्यांना दाखवत होता.

"बंद आहे," ताई म्हणाल्या.

"आत कोणी आहे?"

"सासूबाई. कडी लावून."

"गॅस बंद करा! सिलिंडरपाशी! आणि दार तोडा!" एरवी खाली बघून बोलणारा माणूस फोनमध्ये ओरडत होता. "हाका मारत बसू नका!"

ताई स्वयंपाकघराकडे धावल्या. नवऱ्याने दाराला खांदा दिला. पहिल्या धक्क्याला काहीच झालं नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता, माणसाचा येत नव्हता. ताईंनी गॅस बंद केला आणि "आई! आई!" करत त्याही दारावर आदळल्या. त्यांना आयुष्यात यापेक्षा मोठी भीती कधी वाटली नव्हती. सोमवार, वही, मोठे डॉक्टर, सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं. शाल हातात धरून 'आई सिगारेट ओढतात' म्हटलेलं तेवढं उरलं.

तिसऱ्या धक्क्याला कडी उखडली. सासूबाई पाटावर बसून भिंतीला टेकल्या होत्या, हातात साबण, डोळे अर्धे मिटलेले. "आले... एवढा एक टॉवेल..." असं काहीतरी पुटपुटत होत्या. दोघांनी त्यांना उचलून गॅलरीत आणलं. दहा मिनिटांत गाडी घेऊन मेकॅनिक दारात आला. गुरुवारी ताईंचा सोबती झाला तेव्हाच त्याने त्यांचा पत्ता लिहून घेतला होता, सोबत्याचा तो नियमच होता.

दवाखान्यात सासूबाईंना प्राणवायूचा मास्क लावला. दुपारपर्यंत त्यांचा रंग परत आला, पाठोपाठ रागही आला. मास्क बाजूला करून त्या पहिलं वाक्य बोलल्या, "शाल धुवून ठेव ती." ताईंनी त्यांचा हात धरला आणि हमसून रडल्या. सासूबाईंनी हात सोडवून घेतला नाही.

मोठ्या डॉक्टरांनी वही सोमवारऐवजी तिथेच मागवली. लाल शाईतला अठरा त्यांनी बराच वेळ बघितला. "बरं झालं तुम्ही आधी फुंकता ते," ते म्हणाले. "पण बाई, यंत्रासोबत पुस्तिका येते ना? त्यात लिहिलेलं असतं, धूम्रपान न करणाऱ्याचा आकडा जास्त आला तर घरातला गॅस तपासा म्हणून."

लिहिलेलं होतं. पान एकतीस. ताईंनी ती ओळ वाचली होती. तिच्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

पुढच्या गुरुवारी खोली गच्च भरली. झडप मोकळी झाली होती, गिझर बदलला होता. ताईंनी नेहमीप्रमाणे पहिली फुंकर मारली. दोन. टाळ्या झाल्या. मग मेकॅनिकने फुंकलं. आठवडाभर शटर उघडं ठेवून थंडीत कुडकुडत काम केलं होतं त्याने. तीन.

ताईंनी वही उघडली. "यांच्या नावापुढची तीन लाल टिंबं माझ्यामुळे आहेत," त्या म्हणाल्या. "हे खरं सांगत होते. मी यांचं ऐकण्याऐवजी यंत्राचं ऐकलं. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते."

मेकॅनिक खाली बघत म्हणाला, "राहू दे हो, ताई."

"नाही राहू द्यायचं." ताई खुर्चीवर चढल्या आणि फळ्याच्या वरचा कागद त्यांनी काढून टाकला. "यंत्र धूर आहे एवढंच सांगतं. कशाचा आहे ते सांगत नाही. आणि धूर नसला, तर ते बिचारं काहीच सांगत नाही. म्हणून यापुढे आधी माणसाला विचारायचं, मग यंत्राला."

हे त्या मेकॅनिककडे बघून म्हणाल्या होत्या. पण बेसिनकडे निघालेले मास्तर वाटेतच थांबले. मग परत टेबलापाशी आले आणि त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चुन्याची नळी आणि तंबाखूची डबी काढून वहीशेजारी ठेवली.



"मास्तर, हे कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"पहिल्या हिरव्या टिंबापासून," मास्तर म्हणाले. डावा गाल मोकळा नसल्यामुळे शब्द जरा जड येत होते. "सिगारेट सुटली माझी. पण हिला धूर नाही ना. तुम्ही दर गुरुवारी माझं उदाहरण द्यायचात, मग सांगायचं धाडसच झालं नाही. रोज भीती वाटायची."

कुणी रागावलं नाही, कारण रागवायचं नाही असं शिकवलं होतं. काकूंनी वही मास्तरांपुढे सरकवली आणि लाल पेन हातात दिलं. खाडाखोड चालत नसल्यामुळे हिरवी टिंबं तशीच राहिली. त्यांच्याच पुढे मास्तरांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'तंबाखू खातो'. आणि खाली सही केली.

"यांना सोबती कोण?" ताईंनी विचारलं.

मेकॅनिकने ऑइलचा हात वर केला. "सकाळी आठला फोन करतो, मास्तर. पाणी पिऊन ठेवा."