आडोशाचं गवत

धाकट्या भावाचं तोंड दिसू नये म्हणून दादांनी कुंपणालगत उंच गवत लावायचं ठरवलं. दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच होती. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघांत अबोला होता, आणि आई गेली तरी तो काही गेला नव्हता.

रोपवाटिकेवाल्याने मुळांचे गड्डे दिले. "तुकडे करा, प्रत्येकावर एक डोळा ठेवा आणि आडवे पुरा. पण जपून हं, हे जमिनीखालून चालत जातं."

"कुठवर?"

"अडवाल तिथवर."

दादा खूश झाले. गवत भिंतीखालून पलीकडे घुसणार, म्हणजे धाकट्याला तक्रार करायला यावंच लागणार! खरं तर दादांना भाऊ हवाच होता. फक्त तो मान खाली घालून यायला हवा होता.

गवत डोक्यावर गेलं, पलीकडेही फुटलं. धाकटा काही आला नाही. मग दादांनी मुद्दाम आणखी तुकडे पलीकडे भिरकावले आणि वरून पाइपने पाणी सोडलं.

"त्यांच्या अंगणात कशाला पाणी घालताय?" बायकोने विचारलं.

"बघतोच, किती दिवस तोंड शिवून बसतो ते!"

रोज संध्याकाळी ते गवतापाशी उभे राहून टोमणे मारत. "काही लोकांना आईच्या उशाशी बसायला सवड नव्हती म्हणे!" पलीकडून नुसती सळसळ. त्या मग्रूर गप्प बसण्याने दादांचा अगदी तिळपापड होई.

शेवटी गवताने दादांच्याच न्हाणीघराची फरशी उचलली. त्यांनी चिडून कुदळीने मुळांच्या चिंधड्या केल्या, तर प्रत्येक चिंधडीला कोंब आला. आता मात्र भांडायला हक्काचं कारण मिळालं. दादा रस्त्याने वळसा घालून धाकट्याच्या दारी गेले.

दाराला कुलूप होतं. पायरीवर गवत माजलं होतं आणि खिडकीतली 'घर विकणे आहे' ही पाटी उन्हाने पार विटली होती.

दादा घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"अगं, धाकटा घर सोडून गेलाय!"

"हो. केव्हाच."

"तुला माहीत होतं?"

"भावजी निरोप घ्यायला आले होते. तुम्ही बाहेर गेला होतात. बराच वेळ थांबले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिने मान वर केली नाही. "तुम्हाला आनंद झाला असता. तो मला बघवला नसता."

आनंद झाला नसता, असं दादांना अगदी ओरडून सांगायचं होतं. पण तिला ते खरं वाटलं नसतं, आणि भावाचा नवा पत्ता तिच्याकडे मागायची त्यांना हिंमत झाली नाही.